माझे बाण, त्यांचं वऱ्हाड

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हे सगळं ऐकताना शेजारच्या वहिनींना असा ठसका लागला की चहा नाकातून बाहेर! तो डाग अजून आमच्या सोफ्यावर आहे.

तर ऐका. मी एक अख्खं वऱ्हाड हरवलं. हो, हरवलं! नवरदेव, करवली, मावश्या, बँडबाजा, सगळं! आणि निष्काळजीपणाने नाही हं. चांगलं मन लावून, वाकून वाकून, कंबर मोडेस्तोवर मेहनत करून हरवलं.

तुम्हाला माहीतच आहे, मी मुलुंडच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. त्यामुळे सोसायटीत, भाजीवाल्याकडे, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे माझं नाव एकच, टीचर. आणि माझा सगळा जीव फक्कीत. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखतात ना, ती पांढरी पावडर. धावण्याचा ट्रॅक मी दोरी न लावता आखते, नुसत्या हाताने! एकदा एका इंजिनिअर पालकाने विचारलं, "टीचर, रेष इतकी सरळ कशी हो येते?" पुढचा महिनाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

उरलेला जीव सायकलीत. आमचा मुलुंडचा एक कंपू आहे. अधूनमधून एखाद्या रविवारी सायकली टेम्पोत टाकायच्या, शहापूरच्या पुढे उतरायचं आणि तळ्यांच्या मुलखात शिरायचं. तुम्ही कधी गेलायत? अहो, जाच! तानसा, मोडकसागर, वैतरणा, भातसा... मुंबईला पाणी देणारी, पावसाळ्यात पेपरात ज्यांच्या पातळीचे आकडे वाचून आपण खूश होतो ना, ती तळी तिथे खरोखरची पसरलेली असतात. सागाच्या जंगलातून उतार सुटतो, सायकल आपोआप पळायला लागते, आणि एका वळणावर एकदम निळंशार पाणी! माणूस ओरडतोच. आमचे हितेशभाई तर दर वेळी सायकल थांबवून पाण्याला हात जोडतात. "टीचर, हा आपला नळ!" म्हणतात.

या कंपूचा पुढारी नंदू सावंत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, मूळचा मालवणचा, आणि मोबाईलमधल्या नकाशावर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेला. पण त्या जंगलात नेटवर्क कुठलं? गेल्या खेपेला नकाशा गोठला आणि नंदूने आम्हाला थेट एका वीटभट्टीत नेऊन उभं केलं. भट्टीवाला बिचारा, किती विटा हव्यात म्हणून विचारायला लागला.

तिथल्या तिथे मी जाहीर केलं, "पुढच्या खेपेला मी नेणार! मोबाईल नाही, बिबाईल नाही. मी तुमच्या आधी निघणार आणि प्रत्येक फाट्यावर फक्कीने बाण मारणार."

नंदू फिदीफिदी हसला. "मास्तरणी, ह्यो काय शाळेचो ग्राउंड आसा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "एक जरी माणूस चुकला ना, तर पुन्हा कधी पुढारीपणाचं नाव काढणार नाही." सगळ्यांसमोर! काय गरज होती सांगा? पण बोलून बसले. आता प्रश्न अब्रूचा झाला.

रविवार उजाडला. थंडी मस्त, आकाश स्वच्छ, पाठीवरच्या पिशवीत ताजी फक्की. बाकीचे आटगावला टपरीवर चहा पीत बसले होते, आणि मी एकटी पुढे सुटले. काय सांगू, अंगात नुसती वीज! मॅचच्या दिवशी पोरांना होतं ना, तस्संच होत होतं मला. पहिला फाटा आला. मी सायकल लावली, पिशवी उघडली, खाली बघते तर काय?

तिथे आधीच बाण होता! फक्कीचाच!

आणि कसला बाण! वाकडा, तिरका, एक पंख मोठा, एक छोटा. कोंबडीच्या पायाला फक्की लावून तिला चालवलं असतं तर याहून बरा आला असता. दिशा मात्र बरोबर, मला जायचं होतं तिकडचीच.

हे कोणाचं काम? मी विचार केला आणि ट्यूब पेटली. नंदू शनिवारी बाईक घेऊन याच भागात आला होता. कशाला, तर म्हणे तळ्यातले मासे आणायला. आता मला सांगा, मालवणचा माणूस पापलेट-सुरमई सोडून तळ्यातले मासे आणायला एवढ्या लांब जाईल? पटतं तुम्हाला? मला नाही पटलं. मी म्हटलं, अच्छा! म्हणजे बाण मारून मोकळा झालास, आणि मग सगळ्यांना सांगणार की टीचरने काहीच केलं नाही!

मी बुटाने तो बाण खसाखसा पुसला. बाटलीतलं पाणी ओतलं. आणि त्याच जागी माझा बाण काढला. काय बाण होता! अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या.

पुढच्या फाट्यावर परत नंदूचा बाण. पुसला. त्याच्या पुढच्या फाट्यावर परत. पुसला! एका बाणाशेजारी तर कुंकवाचं बोट लावलेलं होतं. मी म्हटलं, वा रे नंदू, पूजाबिजा करून आलास की काय? कुंकूही पुसलं. म्हणजे बघा, मूर्खपणाला पण काही मर्यादा असते, पण माझ्या बाबतीत ती त्या दिवशी सुट्टीवर होती.

मग आला मोठा फाटा. उजवीकडचा रस्ता तळ्याकडे, डावीकडचा कुठल्यातरी पाड्याकडे. आणि नंदूचा बाण चक्क डावीकडे!

आत्ता कळला डाव! आधी बरोबर रस्ता दाखवायचा, विश्वास बसू द्यायचा, आणि ऐन मोक्याला सगळ्यांना भलतीकडे पाठवायचं! मला इतका राग आला, आणि खरं सांगू, इतका आनंद झाला! रंगेहाथ पकडलं होतं ना! तो डावा बाण मी इतका घासला की खालचं डांबर चमकायला लागलं. उजवीकडे माझा बाण काढला, नेहमीच्या दुप्पट मोठा. विमानातून दिसला असता.

तळ्याकाठच्या माळावर राधाबाईंनी चूल पेटवली होती. त्या तिथल्याच पाड्यावरच्या, आमच्या नाश्त्याचं त्यांनाच सांगून ठेवलेलं. पोहे, चहा, आंब्याच्या झाडाखाली सतरंजी, आणि समोर पाणीच पाणी. थोड्या वेळाने एकेक सायकल दिसायला लागली. कंपूतली सगळ्यात धाकटी स्नेहल आली, हितेशभाई आले, बाकीचे आले. सगळ्यात शेवटी नंदू. एकही माणूस चुकला नव्हता! मी गळ्यातली शिट्टी वाजवली, दोनदा.

नंदू उतरून म्हणाला, "मास्तरणी, मानलंय तुका. बाण झकास हत."

"तुझे पण होते," मी म्हटलं. "पुसले सगळे."

"माझे? माझे खंयचे?"

"नाटकं करू नकोस, नंदू."

"अगो, आईशप्पथ, मी..."

तेवढ्यात सागाच्या झाडांमागून बँड ऐकू आला. ढँग टँग टँग! ताशा, ट्रम्पेट, सगळा थाट! पाठोपाठ एक जीप, मग फुलांनी सजवलेली एक गाडी, मग एक बस, आणि सगळ्यात मागे बँडवाल्यांचा टेम्पो. सगळा लवाजमा आमच्या आंब्याखाली येऊन थांबला.

आता कोणालाही कळलं असतं. पण माझ्या डोक्यात विजयाची हवा गेलेली. मी काय म्हणावं? "राधाबाई, अहो एवढं कशाला? नुसते पोहे पुरले असते की!"

"मी न्हाय सांगितलं, ताई!" राधाबाईंच्या हातातला झारा तसाच वर राहिला.

जीपमधून गुलाबी फेट्यातले एक काका उतरले. पोट पुढे, मिश्या वर. त्यांनी आमच्याकडे बघितलं. हितेशभाईंच्या घट्ट अर्ध्या चड्डीकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"मांडव कुठं हाय?"

"मांडव कशाला, काका?" मी हसून म्हटलं. "झाडाची सावली आहे ना. बसा तुम्ही!"

"झाडाखाली? आन् फराळाचं?"

"पोहे आहेत. पण तुम्ही एवढी माणसं येणार हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हो."

"सांगितलं न्हवतं?" काकांचा आवाज चढला. "दिवाळीपासून ठरलंय सगळं! आन् हे असं सामोरं येता? उघड्या टांगांनी? मानपान काय हाय का न्हाय?"

"काका, सायकलवर असेच कपडे लागतात."

"सायकलवर! मुलीचा बाप कुठाय? त्याला बोलवा आधी!"

"बाबा? बाबा मुलुंडला," मी म्हटलं. "त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना नाही जमत एवढं."

मागून स्नेहल माझा टी-शर्ट ओढत होती. "टीचर, टीचर... ती गाडी बघा." सजवलेल्या गाडीतून एक मुलगा उतरला होता. शेरवानी, फेटा, कपाळाला मुंडावळ्या. आणि गाडीच्या काचेवर फुलांनी दोन नावं.

मी ती दोन्ही नावं वाचली. तरीसुद्धा मी म्हटलं, "काका, तुम्ही रस्ता चुकलात वाटतं."

"आम्ही चुकू?" काका गरजले. "पयल्या फाट्यापासून बाण बघत आलोय! आन् काय बाण होते वो! सरळ, ठसठशीत! मी ह्यांना म्हणलो बी, मुलीकडची माणसं टापटिपीची दिसतात."

"थँक्यू!" मी म्हटलं. "माझेच ते!"

अहो, तोंडातून निघून गेलं! कौतुक ऐकलं की माझं डोकं बंद पडतं, काय करू?

बँडवाल्यानेही ट्रम्पेट तोंडातून काढला. मग नंदू हळूच म्हणाला, "मास्तरणी... तू पुसलंस ते बाण कोणाचे होते गो?"

राधाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो ताई, हिकडं लग्न असलं की मुलीकडचे आदल्या दिशी फाट्याफाट्यावर बाण मारत्यात. पाड्यांना काय पाटी हाय का? पाव्हन्यांनी यायचं कसं? पल्याडच्या पाड्यावर लगीन हाय आज. समदी तिकडंच गेल्यात."

कुंकवाचं बोट आठवलं. देवा रे! कुणीतरी पूजा करून, देवाचं नाव घेऊन तो बाण मारला होता, आणि मी तो बुटाने पुसला होता!

"मुहूर्त कधी आहे?" मी विचारलं.

"तासभर बी न्हाय ऱ्हायला!" काका खाली सतरंजीवर बसलेच. त्यांचा राग गेला आणि चेहरा एकदम पडला. "तिकडं मुलीचा बाप काय म्हणत आसंल? मुलाकडचे फिरकलेच न्हाईत, नवरा पळाला, आसंच समजत आसंल की तो!"

खरं सांगते, तोपर्यंत मला माझ्या अब्रूची काळजी होती. पण हे ऐकलं आणि अब्रूबिब्रू सगळं विसरले. मांडवात पोरगी नटून बसलीय, दारात माणसं जमलीत, आणि रस्ता रिकामा. का, तर मुलुंडच्या एका टीचरला वाकडी रेष आवडत नाही!

"चला, गाड्या वळवा!" मी ओरडले. पण वळवणार कशा? तळ्याकडे येणारा रस्ता म्हणजे शेताचा जाड बांध, एक गाडी जेमतेम जाईल एवढा. सगळ्यात मागचा बँडचा टेम्पो मागे घ्यायला गेले, तर त्याचं चाक चरात! टेम्पो तिरका, रस्ता बंद, पुढची बस अडकली, जीप अडकली, नवरदेवाची गाडी अडकली. फोन लावावा तर नेटवर्क नाही. वाट लागली म्हणजे किती लागावी!

तेवढ्यात नवरदेव बोलला. इतका वेळ बिचाऱ्याने तोंड उघडलं नव्हतं. "काका, मला मघाशी फाट्यावरच वाटत होतं, डावीकडे वळायचं."

"मग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"तुम्हीच म्हणालात, बाण असताना डोकं चालवायचं न्हाय." मग तो आमच्या सायकलींकडे वळला. "ताई, मला येते सायकल."

हितेशभाईंनी आपली नवी कोरी सायकल पुढे केली. ती सायकल ते घरातल्यांना पण हात लावू देत नाहीत! "ले भाई," ते म्हणाले. "फक्त पुढचा ब्रेक एकदम नको दाबू. आणि शेरवानी चेनमध्ये नको." नवरदेवाने शेरवानी कमरेला खोचली, फेट्यावर हितेशभाईंचं हेल्मेट बसेना म्हणून तसाच फेटा घट्ट केला आणि टांग मारली.

"एकटा न्हाय जायचा त्यो!" काका उठले. "मंगळसूत्र माझ्याकडं हाय!"

आमच्यात कॅरियर फक्त नंदूच्या सायकलला. काका कॅरियरवर बसले, एका हातात मंगळसूत्राची पिशवी, एका हातात नारळ. सायकलची मागची बाजू अशी दबली की पुढचं चाक नमस्कार करायला लागलं.

आणि निघालो! पुढे मी शिट्टी फुंकत, मागे नवरदेव, मुंडावळ्या वाऱ्यावर उडतायत, त्याच्यामागे स्नेहल आणि बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी धापा टाकत नंदू. अशी राईड मी आयुष्यात केलेली नाही! डाव्या हाताला तळं चमकतंय, पाण्यावरचे बगळे आमच्या आवाजाने उडतायत, आणि मागून काकांची आरोळी, "आरं बाबा, हळू! हळू!"

"काका, माका धरा!" नंदू ओरडत होता. "नारळाक कित्याक धरतास?"

मोठ्या फाट्यावर आम्ही डावीकडे वळलो, आणि पुढच्याच वळणावर रस्त्यावर तो दिसला. वाकडा, तिरका, एक पंख मोठा, एक छोटा. पुढच्या फाट्यावर तसाच अजून एक. मला इतका आनंद झाला की मी त्या बाणाला सॅल्यूट ठोकला. नवरदेव तर पेटलाच होता. चढावर त्याने मला मागे टाकलं! पी.टी. टीचरला! मी म्हटलं, जा बाळा, आज तुला सगळं माफ.

मांडव दिसला. दारात मुलीचे वडील उभे होते, हात जोडलेले, डोळे रस्त्यावर. अंगणात एका जाड्या माणसाला चारपाच बायका घेरून बोलत होत्या. तो बिचारा कळवळून सांगत होता, "आवो, मारले होते बाण! एकूणएक फाट्यावर मारले होते! पोरीचा मामा हाय मी, मी आसं करीन का?"

आणि नवरदेव सायकलवरून थेट अंगणात! एकच गलका उडाला. कुणी ओवाळायला धावलं, कुणी ढोल बडवला. मुलीच्या वडिलांनी जावयाला सायकलसकट मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला पण हुंदका आला, खोटं कशाला बोलू?

मग काका उतरले. मी डोळे मिटले. म्हटलं, आता हे सगळं सांगणार आणि मामा मला तळ्यात बुडवणार. पण काकांना त्या उतारावर काय झालं होतं कोण जाणे, माणूस बदललाच होता! फेटा सावरत म्हणाले, "गाड्या अडकल्या वो वाटंत. पन ह्या ताईंनी वाचवलं! ह्यांनी रस्ता दाखवला!"

झालं! मामांनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. मला टॉवेल, नारळ, कपाळाला हळदकुंकू, पहिल्या रांगेतली खुर्ची! मी घेतलं हो सगळं. काय करणार, नाही म्हणणं वाईट दिसतं. नंदू मागच्या रांगेतून माझ्याकडे असा बघत होता की बस्स.

नवरी आली. काय गोड दिसत होती! अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या. मुहूर्ताला थोडाच वेळ उरलेला. आणि मामांनी इकडेतिकडे बघितलं.

"गुरुजी कुठायत?"

गुरुजी नव्हते. ते वासिंदकडून स्कूटरवर येणार होते. "बाण मारलेत म्हणून सांगितलं होतं त्यांना," मामा रडवेल्या आवाजात म्हणाले. "आतापातूर पोचायला पायजे होते!" मुलीच्या वडिलांनी पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. माझ्या हातातला नारळ एकदम जड झाला.

मुहूर्त टळणार, आता टळणार, असं वाटत असतानाच बाहेर फटफट ऐकू आली. गुरुजी! धोतराला धूळ, कपाळाला घाम, आणि मिशीला पोह्याचा एक दाणा. लोकांनी त्यांना अक्षरशः उचलून बोहल्यावर नेलं, हातात माईक दिला. आता मंगलाष्टक सुरू होणार, म्हणून मी अक्षतांची मूठ वर केली.

गुरुजींनी माईकवर घसा खाकरला. "मंडळी, उशीर झाला, क्षमा असावी. मी वेळेतच होतो. मोठ्या फाट्यावर सायकलवर एक बाई भेटल्या. त्यांना विचारलं, लग्नघर कुठे? त्या म्हणाल्या, गुरुजी, डोळे झाकून पांढऱ्या बाणामागे जा. मी गेलो, तर थेट तळ्यात!"

आता, मघाशी सांगताना मी तेवढं गाळलं होतं. भेटले होते गुरुजी. बाकीच्यांना पुढे काढून मी मिनिटभर फाट्यावर नंदूची वाट बघत थांबले होते. गुरुजींनी विचारलं, मी घाईत सांगून टाकलं आणि बाकीच्यांना गाठायला सुटले. तिथला बाण माझाच होता, पुसायचा राहिलेला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"कोण होती हो ती बाई?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नाव नाही विचारलं," गुरुजी माईकवरच म्हणाले. "पण डोक्यावर लाल हेल्मेट होतं."

अख्ख्या मांडवाने मान वळवली. मी हळूच हात वर नेला, डोकं चाचपलं. काढायचं राहिलंच होतं.